पायांची सूज आणि हवेच्या दाबाचे यंत्र

रात्री दुकान वाढवून घरी यावे, पायांतील मोजे काढावेत आणि पाहावे तो मोज्याच्या काठाचा खोल ठसा नडगीवर उमटलेला असावा, हा अनुभव आमच्या व्यापारी बांधवांपैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना नवा नाही. कापडाच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा विक्रेता असो, पेढीवर मेजाशी दहा-दहा तास पाय लोंबते सोडून बसणारे दिवाणजी असोत, की गल्ल्यावरून न उठणारे खुद्द मालक असोत, संध्याकाळी पाय जड होणे हे धंद्याबरोबर आलेले एक देणे आहे असे आपण समजून चालतो. घरात कोणी गरम पाण्याचा शेक देते, कोणी तेल चोळते, सकाळी सूज उतरलेली असते आणि दुकान पुन्हा उघडते. अशी वर्षे लोटतात. मग एखाद्या वर्षी सकाळीही सूज उतरेनाशी होते, घोट्यावरची कातडी ताठ व तपकिरी दिसू लागते, नेहमीचा जोडा पायांत शिरत नाही. आणि घरातील तरुण मंडळी कोठून तरी ऐकून एक यंत्र मागवितात. मांडीपर्यंत चढणारे दोन जाड पायघोळ मोजे, त्यांना जोडलेल्या रबरी नळ्या आणि हवा भरणारी एक लहानशी पेटी, असे त्याचे स्वरूप असते.

हे यंत्र अलीकडे आमच्या परिचयाच्या अनेक घरांत दिसू लागले आहे. त्याविषयी मतेही दोन टोकांची ऐकू येतात. काहींच्या लेखी ते पैसेवाल्यांचे खेळणे आहे, तर काहींच्या लेखी रामबाण उपाय. आमच्या मते ही दोन्ही मते यंत्राकडे पाहून बनविलेली आहेत, पायाकडे पाहून नव्हेत. योग्य जातीच्या सुजेवर हा उपचार खरोखर गुणकारी आहे. अयोग्य जातीच्या सुजेवर तो प्राणावर बेतू शकतो. आणि योग्य सुजेवरही तो एकट्याने पुरा पडत नाही. या तीन विधानांची कारणे वाचकांपुढे थोड्या विस्ताराने मांडावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पायांत पाणी साचते कसे ते पाहू. हृदयाकडून पायाकडे रक्त येते ते धमन्यांतून, मोठ्या जोराने. परतीची वाट मात्र नीलांतून, म्हणजे ज्यांना आपण सामान्यतः शिरा म्हणतो त्यांतून असते. आणि ती वाट चढणीची आहे. माणूस स्तब्ध उभा असला म्हणजे हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्तस्तंभाचा सारा भार घोट्याजवळच्या नीलांवर पडतो. हा दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटर इतका भरतो. तोच माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू आतील नीलांना पिळून रक्त वर ढकलतात, नीलांतील झडपा ते खाली परतू देत नाहीत, आणि घोट्यापाशी दाब ३० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. पोटरीला माणसाचे दुसरे हृदय म्हणतात ते याच कारणाने. या झडपांचे सविस्तर वर्णन इटलीतील पादुआ येथील आचार्य फाब्रिसियस यांनी १६०३ साली प्रसिद्ध केले होते. गंमत अशी की, रक्ताचा लोट पायांत एकदम उतरू नये म्हणून निसर्गाने हे बांध घातले असावेत, अशी त्यांची समजूत होती. दारे गुरूने दाखविली. ती एकाच बाजूस उघडतात व रक्त हृदयाकडेच नेतात, हा अर्थ त्यांचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ साली जगास सांगितला.

ज्याच्या पोटरीचे काम दिवसभर बंद असते, किंवा ज्याच्या नीलांतील झडपा ढिल्या पडल्या आहेत, त्याच्या घोट्यापाशी तो ८०-९० मिलिमीटरांचा भार तासन् तास तसाच राहतो. मग रक्तातील पाणी केशवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर झिरपू लागते. तसे ते सर्वांच्याच शरीरांत थोडेबहुत झिरपत असते. इंग्रज शास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग याने या देवघेवीचा नियम १८९६ साली मांडला, आणि त्यावरून पुढे दीर्घकाळ असे शिकविले जात असे की, झिरपलेले बहुतेक पाणी केशवाहिन्याच दुसऱ्या टोकाशी परत शोषून घेतात व उरलेसुरले तेवढे लसीकावाहिन्यांच्या वाट्यास येते. अलीकडे हा हिशेब बदलला आहे. लेविक व मिशेल या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २०१० साली जी नवी मांडणी केली तीनुसार बहुतेक सर्व अवयवांत परतीचा भार मुख्यतः लसीकावाहिन्यांवरच पडतो. या वाहिन्या कातडीखाली जाळ्यासारख्या पसरलेल्या असून जांघेतील गाठींमधून वर जातात. पाण्याखेरीज बाहेर निसटलेली प्रथिनेही त्याच उचलून नेतात. हे प्रथिनांचे काम पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

म्हणजे सूज ही येणे-बाकी आहे. माल आत आला किती आणि उचलला गेला किती, यांतील फरक पायांत पडून राहतो. हा फरक कोणत्या खात्यात पडला हे न पाहता यंत्र लावणे म्हणजे चूक कोठे आहे ते न शोधता रोजमेळ जुळवून टाकण्यासारखे आहे. आमच्या वाचकांना यापेक्षा अधिक सांगावयास नको.

दोन्ही पाय सारखेच सुजत असतील, जिना चढताना दम लागत असेल, रात्री उशी उंच घेतल्यावाचून झोप येत नसेल, तर दोष पायांत नसून हृदयात असण्याचा संभव आहे. डोळ्यांभोवती सकाळी सूज दिसत असेल, लघवीस फेस येत असेल, तर मूत्रपिंड तपासले पाहिजे. यकृताच्या विकारातही पाय सुजतात. आणि एक कारण असे आहे की, ते पुष्कळांच्या खिशातच असते. रक्तदाबासाठी अतिशय प्रचलित असलेली अॅम्लोडिपिन ही गोळी काहींच्या घोट्यांवर सूज आणते. सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या, स्टेरॉइडे आणि मधुमेहावरील पायोग्लिटाझोन यांचाही हा गुण आहे. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की जी सूज आपोआप उतरावयाची, तिच्यासाठी यंत्र विकत घेणे हा व्यवहार तोट्याचाच. मात्र गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे हा त्याहूनही मोठा तोटा होईल.

सर्वांत जपावयाचे ते एकाच पायाच्या सुजेला. एकच पोटरी एक-दोन दिवसांत एकाएकी सुजली, दुखू लागली, गरम लागू लागली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा आजारात पडून राहिल्यानंतर, तर खोल नीलेत रक्ताची गुठळी झाली असावी असेच प्रथम गृहीत धरावे आणि त्याच दिवशी सोनोग्राफीने पाय तपासून घ्यावा. अशा पायावर तेल चोळू नये, पट्टा आवळू नये, आणि यंत्र तर मुळीच लावू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर काही मिनिटांत होत्याचे नव्हते होते.

येथे एक शंका पुष्कळांच्या मनात येते. हेच यंत्र रुग्णालयात आजारी माणसाच्या पायांस लावलेले त्यांनी पाहिलेले असते, आणि ते गुठळी होऊ नये म्हणून लावले आहे असे तेथील परिचारिकेने त्यांना सांगितलेले असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या २,८७६ रुग्णांवर एक मोठा प्रयोग करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०१३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांच्या पायांना हवेचे मोजे लावले होते त्यांच्यापैकी शेकडा ८.५ जणांच्या खोल नीलांत गुठळी आढळली. ज्यांना लावले नव्हते त्यांच्यात हेच प्रमाण शेकडा १२.१ होते. रक्त हलते राहिले तर ते गोठत नाही, हा त्यातील सरळ अर्थ. परंतु जेथे ते आधीच गोठले आहे तेथे त्याला हलविणे हाच धोका. कुलूप लावावयाचे ते चोर घरात शिरण्यापूर्वी.

आता ज्या सुजेसाठी हे यंत्र मुख्यतः आहे तिच्याकडे वळू. तिचे दोन मोठे वर्ग आहेत. पहिला वर्ग नीलांच्या झडपा बिघडल्यामुळे येणाऱ्या जुनाट सुजेचा. पोटरीवर वेड्यावाकड्या निळ्या शिरा फुगून येतात, घोट्याच्या आतील बाजूस कातडी काळसर होते, आणि पुढे तेथे न भरणारा व्रण पडतो. दुसरा वर्ग लसीकावाहिन्यांच्या सुजेचा. जन्मतःच वाहिन्या कमी असल्याने ती काहींना येते. पण आपल्या देशात तिचे एक जुने कारण म्हणजे हत्तीरोग. सुश्रुतसंहितेत श्लीपद या नावाने त्याचे वर्णन आहे. घाणेरड्या पाण्यावर वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमार्फत एक सूक्ष्म जंत शरीरात शिरतो व लसीकावाहिन्यांत घर करतो. या जंतांचा व डासांचा संबंध पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टराने १८७७ साली चीनमध्ये असताना शोधून काढला. आमचे जे बांधव विदर्भात अथवा तेलंगणात स्थायिक आहेत, त्यांना सरकारी गोळ्यावाटपाची मोहीम परिचित आहे. त्या गोळ्या सर्वांनी घेतल्याच पाहिजेत. कारण जंत मेले तरी बिघडलेल्या वाहिन्या पूर्ववत होत नाहीत, सूज मागे राहते.

लसीकेच्या सुजेचे आणखी एक कारण घराघरांत झाकून ठेवले जाते, म्हणून ते येथे स्पष्ट लिहितो. गर्भाशयाच्या वा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ज्या भगिनींची शस्त्रक्रिया झाली आहे, जांघेजवळच्या किंवा ओटीपोटातील गाठी काढल्या गेल्या आहेत अगर त्या भागास किरणोपचार मिळाले आहेत, त्यांपैकी काहींचा पाय महिन्यांनी किंवा वर्षांनीही सुजू लागतो. साडीच्या घोळाखाली ही सूज कोणास दिसत नाही. एक तर सांगण्याचा संकोच, दुसरे स्वयंपाकघरातील ओट्याशी तासन् तास उभे राहणे चुकत नाही, आणि तिसरे म्हणजे मोठे दुखणे बरे झाले, आता पायाचे काय एवढे, असे घरचेच म्हणतात. ही सूज पहिल्या वर्षी जितकी आटोक्यात येते तितकी ती पुढे कधीही येत नाही. साचलेल्या प्रथिनांमुळे पायाचे मांस हळूहळू घट्ट व तंतुमय होत जाते. बोटाने दाबले असता आधी खळगा पडतो. पुढे तोही पडेनासा होतो. खळगा पडत नाही म्हणून सूज गेली असे समजणाऱ्यांची संख्या थोडी नाही, परंतु खरी स्थिती अगदी उलट असते.

दाबाने सूज उतरते हे ज्ञान जुनेच आहे, पट्ट्या बांधण्याचा प्रघात फार प्राचीन आहे. त्याला मोजमापाची शिस्त मात्र एका यंत्रशास्त्रज्ञाने आणली, हे सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात टोलेडो शहरी कॉनराड जॉब्स्ट नावाचे जर्मन वंशाचे अभियंते राहत असत. त्यांना स्वतःलाच पायांच्या नीलांचा विकार होता. पोहण्याच्या तलावात उभे असताना आपल्या पायांना आराम पडतो, बाहेर येताच दुखणे सुरू होते, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसरा कोणी हे गार पाण्याचे सुख म्हणून सोडून देता. यांनी हिशेब केला. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब अधिक. एक मीटर खोलीवर तो पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटर भरतो, छातीइतक्या पाण्यात घोट्यापाशी ८०-९० पर्यंत जातो. म्हणजे नीलेच्या आतून जेवढा भार, जवळजवळ तेवढाच पाणी बाहेरून देते. शिवाय घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर कमी कमी होत जाणारा. या उतरत्या दाबाच्या तत्त्वावर त्यांनी १९५० च्या सुमारास लवचिक मोजे बनविण्यास प्रारंभ केला. आज डॉक्टर जे दाबाचे मोजे लिहून देतात ते सर्व याच तत्त्वावर विणलेले असतात.

हवेचे यंत्र हे त्याच कल्पनेचे चालते रूप होय. चांगल्या यंत्राच्या मोज्यात एकच पिशवी नसते, तर पावलापासून मांडीपर्यंत एकावर एक असे कप्पे असतात. कोठे चार, कोठे आठ, कोठे बारा. पेटीतील पंप प्रथम पावलाच्या कप्प्यात हवा भरतो, मग घोट्याच्या, मग पोटरीच्या, असे करीत वर चढतो. खालचे कप्पे फुगलेलेच राहतात, त्यामुळे पाण्यास माघारी येता येत नाही. सर्व भरल्यावर हवा एकदम सुटते, पाय क्षणभर मोकळा होतो आणि पुन्हा आरंभ. पिठाच्या लांबट पिशवीच्या तळाशी मूठ आवळून माल तोंडाकडे सरकवावा तसाच हा प्रकार. एकाच पिशवीचे, पाय सगळीकडून एकदम आवळणारे स्वस्त यंत्र हे काम नीट करीत नाही, आणि खेळाडूंचा शीण घालविण्यासाठी म्हणून जे विकले जाते तेही या रोगासाठी नव्हे.

दाब किती ठेवावा याविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. सामान्यतः ३० ते ६० मिलिमीटर दाब आणि दररोज ४५ मिनिटे ते एक तास असा प्रघात आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा येथील ज्येष्ठ शल्यवैद्य वाल्डेमार ओल्शेव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र १०० ते १२० मिलिमीटर दाब वापरला. कातडी जेव्हा घट्ट झालेली असते तेव्हा यंत्रावर दिसणाऱ्या दाबातील बराचसा भाग आतील पाण्यापर्यंत पोचतच नाही, असे त्यांनी प्रत्यक्ष मोजून दाखविले. त्यांच्या देखरेखीखाली १८ रुग्णांनी तीन वर्षे दररोज हा उपचार घेतला व २०१४ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. सूज आटोक्यात राहिली, पाय मऊ झाले. परंतु हा प्रयोग निवडक रुग्णांवर, अनुभवी हातांखाली झाला होता. तो वाचून कोणी घरी काटा १२० वर नेऊ नये.

अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ७१८ रुग्णांची, यंत्र मिळण्यापूर्वीच्या व नंतरच्या वर्षाची, विमा-नोंदींवरून तुलना केली होती. कर्करोगाशी संबंध नसलेल्या रुग्णांत पाय लाल होऊन ताप येण्याचा विकार आधीच्या वर्षी शेकडा २८.८ जणांस झाला होता, तो नंतरच्या वर्षी शेकडा ७.३ वर आला. आकडे मोठे आशादायक आहेत. तथापि यंत्र न घेतलेल्यांचा गट शेजारी ठेवून ही तुलना केलेली नव्हती, आणि नवे यंत्र घेतलेला माणूस त्या वर्षी पायाची इतर काळजीही अधिक घेतो, हे आपण व्यवहारी माणसे सहज समजू शकतो.

यंत्राची उणी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ते पाणी हलविते; प्रथिने मात्र बऱ्याच अंशी जेथल्या तेथे राहतात. आणि हलविलेले पाणी जाते कोठे? जांघेच्या वरची वाट मोकळी नसेल तर ते मांडीच्या मुळाशी, ओटीपोटावर अथवा जननेंद्रियांत साचते. पायाच्या सुजेवर पंप वापरणाऱ्या काही रुग्णांत अशी सूज आल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने दाखवून दिले, तेव्हापासून जाणते चिकित्सक प्रथम पोट, जांघ हा वरचा भाग हलक्या हाताने मोकळा करून घेतात आणि मगच पंप लावतात. ही हलक्या हाताची पद्धत डेन्मार्कचे एमिल व्होडर व त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी बसविली व १९३६ साली पॅरिसमध्ये जगापुढे आणली. ते आपल्याकडचे मालीश नव्हे; कातडी अलगद ताणावयाची, मांस रगडावयाचे नाही. रगडल्याने सूज वाढते.

पायातून वर चढविलेले पाणी अखेर रक्तात मिसळून हृदयाकडेच जाते. म्हणून ज्याचे हृदय आधीच थकलेले आहे व आजार आटोक्यात नाही, त्याने यंत्र लावणे म्हणजे दमलेल्या बैलावर आणखी एक गोणी लादणे होय. ज्यांच्या पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत, चालताना पोटरी दुखून थांबावे लागते, विशेषतः दीर्घकाळ तंबाखू ओढणारे व मधुमेही, त्यांच्या पायास दाबाने रक्तच पोचेनासे होईल. घोट्याचा व दंडाचा रक्तदाब यांची तुलना करून ही गोष्ट डॉक्टर सहज ठरवितात. पाय लाल, गरम आणि तापासह असेल तोवर यंत्र बंद. कर्करोगाचा इलाज चालू असेल तर त्या डॉक्टरांची संमती हवी. मधुमेहाने ज्यांच्या तळपायांची संवेदना गेली आहे, त्यांना मोजा काचल्याचे कळतही नाही. त्यांच्या पायाची कातडी प्रत्येक वेळी दुसऱ्याने पाहिली पाहिजे.

आता तिसरे विधान. यंत्र तासाभरात पाय हलका करते. हा हलकेपणा टिकवितो तो दाबाचा मोजा किंवा थरांनी बांधलेली पट्टी. यंत्र काढल्यावर पाय खाली सोडून चहा घेत बसणाऱ्याच्या पायांत दुपारपर्यंत सारे पाणी परत येते आणि मग दोष यंत्रास दिला जातो. आम्ही तर असे म्हणू की, ज्यास मोजा नित्य घालावयाचा नसेल त्याने यंत्रावर पैसे खर्च करू नयेत. मोजा सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज कमीत कमी असताना चढवावा. उन्हाळ्यात इंदूर-हैदराबादकडील आमच्या मंडळींना हे जिकिरीचे वाटते, आणि ती तक्रार खोटी नाही. पण निदान दुकानाच्या वेळात तरी तो सुटू नये. नीलांचाच दोष असेल तर त्यांवर लेसरसारखे उपचार आहेत व ते करून घेतल्यावर पुष्कळांची सूज कमी होते, हेही विचारून घ्यावे.

याच्याच जोडीने पाय धुण्याचे साधे काम आहे, आणि ते यंत्राहून कमी महत्त्वाचे नाही. सुजलेल्या पायांत जंतूंचा शिरकाव झाला की थंडी वाजून ताप येतो, पाय लालबुंद होतो. याला जुनी माणसे धावरे म्हणतात. असा प्रत्येक ताप उरलेल्या लसीकावाहिन्या जाळून जातो व सूज एक पायरी वर चढते. जंतूंचे दार बहुधा बोटांच्या बेचक्यांत असते. पावसाळ्यात चिखल्या होतात, टाचेस भेगा पडतात, तेथूनच ते शिरतात. रोज साबण व स्वच्छ पाण्याने पाय धुऊन, बेचक्या टिपून कोरड्या करून, कातडीस तेल अथवा मलम लावणे एवढ्याने हे ताप पुष्कळ कमी होतात. केरळातील कासरगोड येथील उपयोजित त्वचाविज्ञान संस्थेत डॉ. नरहरी व त्यांचे सहकारी यांनी हीच धुण्याची शिस्त, आयुर्वेदातील काही उपचार, योगासने व दाबाच्या पट्ट्या यांची सांगड घालून हत्तीपायाच्या रुग्णांवर मोठे काम केले आहे. श्रवणबेळगोळच्या पायऱ्या अनवाणी चढून जाणाऱ्या आमच्या बांधवांपैकी ज्यांचा पाय सुजतो, त्यांनी चढण्यापूर्वी भेगा भरून घ्याव्यात आणि उतरल्यावर पाय लगेच धुऊन नीट पाहावेत, इतके येथे सुचवितो.

आहारात मीठ कमी करावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसास ५ ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे, आणि पापड, लोणचे व फरसाण यांनीच ती आपल्याकडे ओलांडली जाते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या हृदयाच्या सुजेवर उपयोगी असल्या तरी लसीकेच्या जुनाट सुजेवर त्यांचा विशेष उपयोग होत नाही, म्हणून शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये.

आमच्या दुकानांविषयी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. पाय केवळ मालकालाच नसतात. गिऱ्हाइकासमोर बसणे हा अनादर, अशा समजुतीने कित्येक कापडदुकानांत विक्रेत्या मुलींना व गुमास्त्यांना दिवसभर उभे ठेवण्यात येते. केरळात कालिकतच्या कापडबाजारातील विक्रेत्या स्त्रियांनी याविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा केरळ सरकारने २०१८ साली दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसावयास आसन देणे सक्तीचे केले. तमिळनाडूने तोच मार्ग २०२१ साली धरला. आपण सरकारी सक्तीची वाट कशासाठी पाहावी? प्रत्येक मांडणीमागे एक उंच स्टूल आणि दर तासाला पाच मिनिटे चालण्याची मुभा, याचा खर्च एका यंत्राच्या किमतीच्या पासंगासही पुरणार नाही. मालकांनीही फोनवर बोलताना गल्ल्यावरून उठून येरझाऱ्या घालाव्यात. बसल्या जागी टाचा वर-खाली केल्यानेही पोटरीचा पंप चालू राहतो.

इतके पाहून, डॉक्टरांनी सुचविल्यावर ज्यांना यंत्र घ्यावयाचेच असेल त्यांनी ते आधी काही आठवडे भाड्याने मिळाल्यास वापरून पाहावे. प्रत्येक कप्प्याचा दाब मिलिमीटरांत दाखविणारे व तो वेगवेगळा ठेवता येणारे यंत्र पसंत करावे. 'कमी, मध्यम, जास्त' एवढेच सांगणारे यंत्र म्हणजे वजने नसलेला तराजू. मोजा आपल्या मांडीच्या घेरास बसतो की नाही हे पाहावे, आणि दुरुस्तीची सोय गावात आहे की नाही ते विचारावे. लावण्यापूर्वी लघुशंकेस जाऊन यावे, पाय किंचित उंचावर ठेवून पडावे, आत पातळ सुती मोजा असावा. काही खोल श्वास घेऊन मग पंप सुरू करावा. दम लागला, पाय बधिर झाला वा दुखू लागला तर तत्क्षणी बंद करावे.

आणि पायाची एक वही ठेवावी. आठवड्यातून एक दिवस ठरवून, सकाळी उठताच, शिंप्याची टेप घेऊन पावलाचा मध्य, घोट्याच्या वरची जागा, पोटरीचा सर्वांत जाड भाग आणि मांडीचे मूळ यांचे घेर दोन्ही पायांचे लिहावेत. जमिनीपासूनचे अंतर कायम ठेवावे, म्हणजे माप दर वेळी त्याच ठिकाणी पडेल. यंत्राचा दाब व वेळ त्याच ओळीत नोंदवावा. दाबाचा नवा मोजा ज्या दिवशी काढला ती तारीखही तेथेच लिहावी, कारण नित्य वापराने साधारण सहा महिन्यांत त्याचा ताण ढिला पडतो व मग तो केवळ मोजा उरतो. दोन महिने नियमाने उपचार करूनही घेर उतरत नसतील तर निदानच पुन्हा तपासावयास हवे. आणि पोटरीचा घेर कमी होत असता मांडीच्या मुळाचा वाढत चालला असेल, तर पाणी गेलेले नसून त्याने केवळ जागा बदलली आहे असे समजून यंत्र थांबवावे व ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.